पाठदुखीसाठी ताट बदलावं का?

प्रश्न : ताई, वय ४७, वजन ८४ किलो, काम हिशेबाचं. दिवसातले नऊ-दहा तास खुर्चीत जातात. चार वर्षांपासून पाठ दुखते आहे. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. पट्टा झाला, शेक झाला, मालिश झालं. महिन्यातून दहा-बारा दिवस वेदनाशामक गोळी लागते आणि तिच्या जोडीची पित्ताची गोळी तर रोजची. सकाळी बुटाची नाडी बांधायला पलंगाच्या कडेवर बसावं लागतं. आमच्या ऑफिसातल्या एकाची पाठ व्हीगन झाल्यावर, म्हणजे प्राण्यांपासूनचं सगळं खाणं सोडल्यावर, दोन महिन्यांत थांबली म्हणे. तेव्हापासून तो भेटेल त्याला दूध सोडायला सांगत सुटलाय. माझी मुलगी प्राण्यांसाठी म्हणून वर्षभर व्हीगन आहे, तिला आयतंच निमित्त मिळालं. बायको म्हणते, आधीच हाडं दुखतात, त्यात दूधही सोडणार? येत्या एक तारखेपासून दूध, दही, अंडी, मांस सगळं एकदम बंद करायचं मनात आहे. खरंच फरक पडतो का? आणि सुरुवात कशी करू?

उत्तर : तुम्ही पत्रभर ‘पाठ’ लिहिलंय, पण नाडी बांधताना जी अडते ती कंबर. माझ्यासमोर बसलेला माणूस ‘पाठ दुखते’ म्हणाला की मी आधी त्याचा हात कुठे जातो ते बघते. बहुतेकांचा तो पट्टा बांधायच्या जागीच जातो. तेव्हा कंबरेबद्दल बोलू.

व्हीगन आहार हे कंबरदुखीवरचं औषध नाही. काहींना त्याने बरं वाटतं, हे खरं. पण बरं नक्की कशामुळे वाटलं, हे बहुधा त्यांचं त्यांनाही कळलेलं नसतं. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तेव्हा वीस वर्षं लोकांना ‘काय खा’ हे सांगून पोट भरत होते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंबर अशी धरली होती, की दात घासताना एक हात बेसिनवर टेकवल्याशिवाय वाकता येत नसे. एका रात्री कुशीवर वळताना डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी मी दूधदुभतं, अंडी, मध सगळं सोडलं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं, दात घासताना माझे दोन्ही हात मोकळे आहेत. झालं! तुमच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांसारखीच मीही भेटेल त्याला सांगत सुटले.

पण मी रुग्णांना रोजची वही लिहायला लावते, म्हणून लाजेकाजेस्तव स्वतःही लिहीत होते. ती चार महिन्यांनी सलग वाचली. त्या सहा आठवड्यांत माझं वजन साडेतीन किलोंनी उतरलं होतं, कारण चीज आणि लोण्याची बिस्किटं ‘व्हीगन नाहीत’ म्हणून आपोआप गेली होती. नव्या स्वयंपाकाला भिजवणं, निवडणं, चिरणं फार. त्यामुळे संध्याकाळी सोफ्यात रुतायचा तास मी ओट्यापाशी उभी राहून घालवत होते. बाहेर चालेल असं काही मिळत नाही म्हणून दुपारी डबा, आणि डबा लवकर संपतो म्हणून उरलेल्या वेळात वीस मिनिटं चालणं. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी सुरुवात केली ती सगळ्यात वाईट दिवशी. जुनी कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस नवा उपाय धरतो तो भरतीच्या टोकाला, आणि त्यानंतर ओहोटी तशीही येणारच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, की कावळा खरंच जड होता? वही वाचूनही मला ते ठरवता आलं नाही. आठव्या महिन्यात मात्र, दुधाचा थेंबही पोटात गेलेला नसताना, कपड्यांची बादली उचलताना कंबर पुन्हा पहिल्यासारखी धरली.

म्हणून त्या गृहस्थांना खोटं ठरवू नका, पण त्यांना एवढं विचारा : वजन किती उतरलं? चालायला लागलात का? सुरुवात केली तेव्हा दुखणं कुठल्या टप्प्यावर होतं?

आता अभ्यास काय म्हणतात ते. २०१५ मध्ये सांध्यांची झीज झालेल्या ४० जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवडे वनस्पतीजन्य, कमी प्रक्रिया केलेला आहार घेतलेल्यांच्या वेदना नेहमीचं खाणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. नॉर्वेत त्याआधी, १९९१ मध्ये, संधिवाताच्या ५३ रुग्णांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता : आधी काही दिवसांचा उपास, मग साडेतीन महिने ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) वगळून व्हीगन आहार आणि पुढे दूध घेऊन शाकाहार. त्यांनाही फायदा झाला. पण हे सगळे झिजलेल्या किंवा सुजलेल्या सांध्यांचे रुग्ण, तुमच्यासारखे कंबरेचे नव्हेत. संख्या थोडी. आणि आपण काय खातोय हे खाणाऱ्याला ठाऊक असतंच. औषध तपासताना खोटी गोळी देतात तसं खोटं ताट काही बनवता येत नाही, म्हणून नुसत्या अपेक्षेने किती बरं वाटलं ते वेगळं काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं. त्यात व्यायाम आहे, दुखणं समजावून सांगणं आहे, मालिशही आहे. व्हीगन आहाराचं नाव नाही. आणि कमरेचा पट्टा देऊ नये असं मात्र स्पष्ट म्हटलंय. तुमचा अजून कपाटात असेल, तर तिथेच राहू दे.

एमआरआयमधल्या त्या फुगलेल्या चकतीने तुम्हाला बरंच घाबरवलेलं दिसतंय. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तर चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्यांची चकती फुगलेली निघते. ते बरंचसं केस पिकण्यासारखं आहे. ती चकती दूध सोडून आत जाणार नाही आणि दूध प्याल्याने आणखी बाहेरही येणार नाही.

मग आहाराने काहीच होत नाही का? होतं, पण आडवाटेने. वजन उतरलं की कंबरेवरचा भार उतरतो. तुमच्या ८४ मधले पाच-सहा किलो गेले तर नाडी बांधताना पोट मध्ये येणार नाही, हा फायदा तर पहिल्या दिवसापासून मोजता येतो. भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं वाढली आणि पाकिटातलं खाणं घटलं, की शरीरातली मंद धुमसणारी सूज थोडी उतरते, असंही काही अभ्यासांत दिसलंय. पोट साफ राहिलं की कुंथताना कंबरेत उठणारी कळ जाते. याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत, पण माझ्या कित्येक रुग्णांना खरा आराम इथेच पडला. हे तिन्ही फायदे दही खाऊनही मिळतात, एवढं लक्षात ठेवा. आणि बटाट्याचे तळलेले काप, साखरेचं सरबत आणि मैद्याचा पाव हेही शंभर टक्के व्हीगनच असतं.

आता जिच्यासाठी हे उत्तर एवढं लांबवलं ती गोष्ट. कंबर पुन्हा धरली तरी मी व्हीगनच राहिले. एव्हाना कारण कंबर नव्हतं, मला ते खाणं मनापासून पटलं होतं. ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला हवी हे मला पाठ होतं; रुग्णांना चिठ्ठीवर लाल शाईने लिहून देत होते. स्वतः मात्र आठवली तर घ्यायची, संपली तर महिनाभर आणायची नाही. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या. मी म्हटलं, कंबरेतली नस दबली. एमआरआयमध्ये फुगलेली चकती निघालीच, ती निघणारच होती. तीन महिने ताण देणारे व्यायाम, शेक, नसांसाठीच्या गोळ्या. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सहज विचारलं, “मुंग्या एका पायाला की दोन्ही?” दोन्ही. मोजे घातल्यासारख्या, तळव्यांपासून वर. कंबरेतली नस दबली तर त्रास बहुधा एका पायाला, कुल्ल्यापासून खाली एका रेषेत उतरतो. त्यांनी मला रक्त तपासायला पाठवलं. ब-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेतली, बराच फरक पडला. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र आजही पूर्ण गेलेला नाही.

यकृतात ब-१२चा साठा दोन-चार वर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी काहीच कळत नाही आणि माणूस फुशारतो. तुमचा साठा तर भरलेला असेलच असंही नाही, कारण ती पित्ताची रोजची गोळी. पोटातलं आम्ल दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर अन्नातलं ब-१२ नीट सुटं होत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही ते कमी होतं. म्हणजे ज्याला कंबर दुखते त्यालाच वेदनाशामक गोळी, तिच्यापायी पित्ताची गोळी, तिच्यापायी ब-१२ कमी, आणि वर त्याने दूध-अंडी सोडली तर ते येणार कुठून? पायाला मुंग्या आल्या की ठपका पुन्हा कंबरेवरच.

तेव्हा एक तारीख विसरा. आधी ब-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाडं मऊ पडून कंबर दुखते, आणि तसं असेल तर तुमचं उत्तर ताटात नसून त्या कागदावरच सापडेल. पित्ताची गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी त्यांना सांगा, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

व्हीगन आहार सुरू कराल त्या दिवसापासून ब-१२ सुरू : रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे, पण मोठ्या गोळीतलं थोडंच अंगी लागतं म्हणून आकडा मोठा. तपासणीत कमी निघालं तर मात्र डॉक्टर सांगतील तो डोस. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात ब-१२ असतं असं कोणी सांगेल; त्यातला बराचसा प्रकार आपल्या शरीराला वापरता येत नाही. माझी गोळी आता दात घासायच्या ब्रशशेजारी असते.

खाणं एकेका जेवणाने बदला. पहिले दोन आठवडे फक्त न्याहारी, मग दुपारचं, मग रात्रीचं. कडधान्यांची सवय नसलेल्या पोटावर त्यांतले तंतू (फायबर) एकदम आदळले की वायू धरतो, पोट फुगतं आणि फुगलेल्या पोटाने कंबर आणखी दुखते. चौथ्या दिवशी माणूस ‘हे मला मानवत नाही’ म्हणून मोकळा होतो. कडधान्यं भिजवून, ते पाणी टाकून, मऊ शिजवून खा आणि पाणी वाढवा.

प्रथिनांत हयगय नको. कंबर सांभाळतात ते स्नायू, आणि वजन उतरताना चरबीबरोबर तेही झडतात. तुमच्या वजनाला रोज साधारण ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं धरा. मोठी वाटीभर शिजलेल्या मसुरात जेमतेम १५-१८ ग्रॅम असतात. म्हणजे प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, सोयाबीन किंवा टोफू (सोयाबीनचं पनीर) यांपैकी काहीतरी भरपूर हवं, चवीपुरतं नव्हे. लोहासाठी त्याच जेवणात लिंबू किंवा दुसरं आंबट फळ, आणि चहा-कॉफी तासभर लांब.

तुमच्या पत्नींचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. ब्रिटनमधल्या सुमारे ५५ हजार लोकांचा सरासरी १८ वर्षं पाठपुरावा करून २०२० मध्ये निष्कर्ष आले : मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं ही त्याची काही कारणं, सगळी नव्हेत. कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. पालकावर विसंबू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. कॅल्शियम घालून घट्ट केलेला टोफू, कॅल्शियम मिसळलेलं सोया दूध, तीळ, बदाम हे बरे. सोया दुधाचं खोकं जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं. मी कित्येक महिने वरचं पाणीच पीत होते.

वही ठेवाच. पण ‘आज दुखणं दहापैकी किती’ एवढंच लिहू नका. तो आकडा झोपेवर आणि साहेबाच्या मूडवर ठरतो. नाडी उभ्याने बांधता आली का, न थांबता किती मिनिटं चाललात, आठवड्यात गोळ्या किती लागल्या, हे लिहा. आणि चालणं आहाराच्या चार आठवडे आधी सुरू करा, म्हणजे श्रेय कोणाचं हे निदान तुम्हाला तरी कळेल. तीन महिन्यांनी वही मला पाठवलीत तर वाचायला आवडेल.

लघवी-शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर वही-बिही नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. ताप येत असेल, वजन कारण नसताना घटत असेल किंवा रात्री पडून राहिल्यावरही दुखणं थांबत नसेल, तरी डॉक्टरांना दाखवायला आठवडा लावू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून कंबर दुखते. पहाटे तीन-चारला जाग येते, उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी तासभर अंग लाकडासारखं असतं. सात महिने काटेकोर व्हीगन आहे, ब-१२ घेते, तरी फरक नाही. तेल आणि ग्लूटेनही बंद करू का?

उत्तर : नको. बाळ, तू ताटातून आणखी काही काढू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. साधी कंबरदुखी विश्रांतीने निवते आणि हालचालीने वाढते. तुझं उलटं आहे. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं दुखणं, रात्रीच्या उत्तरार्धात मोडणारी झोप, अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा सकाळचा ताठरपणा आणि फिरल्यावर आराम, या खुणा मणक्याच्या सुजेच्या संधिवाताच्या असू शकतात. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव तू ऐकलं असशील. संधिवाततज्ज्ञांची वेळ घे, आणि हे सगळं मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. ‘कंबर दुखते’ एवढंच म्हणू नकोस. घरात कोणाला सोरायसिस, आतड्यांची सूज किंवा डोळा लाल होऊन दुखण्याचा त्रास झाला असेल तर तेही सांग. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर परत येऊ नकोस. या आजारावर आज चांगली औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर तितकी बरी. आहार तुला हवा तो ठेव.

प्रश्न : डॉक्टरांनी ड-३ जीवनसत्त्व लिहून दिलंय, पण ते मेंढीच्या लोकरीपासून करतात असं वाचलं. मग मी व्हीगन राहते का?

उत्तर : बरोबर वाचलंत; लोकरीतल्या स्निग्धांशापासून करतात, आणि बाहेरची कॅप्सूलही बऱ्याचदा जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेली असते. दगडफुलापासून केलेलं ड-३ मिळतं, ड-२ हेही प्राण्यांपासून केलेलं नसतं. औषधाच्या दुकानात पाकिटावरचं वाचून मागा. ते मिळेपर्यंत आठवडे जाणार असतील तर तोवर लोकरीचं घ्या. व्हीगन हा शब्द १९४४ मध्ये रूढ करणाऱ्यांच्या संस्थेची व्याख्यासुद्धा ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ एवढंच मागते.